रेघुलीचा उजेड गेला

इवलीशी रेघुली. छोट्या लॅपटॉपच्या पडद्यावर राहायची. लुकलुक लुकलुक करायची. ऊर्मी एक अक्षर लिहायची, रेघुली एक पाऊल पुढे जायची.

एकदा ऊर्मीच्या आजोबांनी पेनड्राइव्ह आणला. त्यातून लॅपटॉप चालवणारा नवा लिनक्सदादा आत बसवला. मग बटण दाबलं.

गडप! पडदा काळा. उजेड गेला. काळ्याकुट्ट अंधारात एकटी रेघुली. लुकलुक... लुकलुक...

"गेला हा!" आजोबा म्हणाले. "देऊन टाकू भंगारात. आणि ऊर्मी, हात लावायचा नाही!"

लांब गल्लीच्या टोकाला हाक आली. "भंगाऽऽर!"

रेघुली थरथरली. गेली पडद्याकडे.

"पडदेबुवा, पडदेबुवा, उजळा ना. मला भीती वाटते!"

"मी नाही उजळणार, जा! लिनक्सदादा उठला तर उजळेन."

रेघुली गेली आत, लिनक्सदादाकडे. लुकलुक लुकलुक. तो घोरत होता. घुर्रर्र!

"लिनक्सदादा, लिनक्सदादा, ऊठ ना. पडदा उजळेना, मला भीती वाटते!"

"मी नाही उठणार, जा! दारवानाने हाक मारली तर उठेन."

पिठाच्या गिरणीपाशी हाक आली. "भंगाऽऽर!"

रेघुली गेली दारवानाकडे. लुकलुक लुकलुक. दारवान लॅपटॉपात सगळ्यांच्या आधी जागा होतो. मग रांगेतल्या पहिल्याला हाक मारतो.

"दारवानकाका, दारवानकाका, हाक मारा ना. लिनक्सदादा उठेना, पडदा उजळेना, मला भीती वाटते!"

"मी नाही हाक मारणार, जा! रांगेत पेनड्राइव्ह पहिला. नियम म्हणजे नियम. तो हलला तर हाक मारीन."

रेघुली गेली पेनड्राइव्हकडे. लुकलुक लुकलुक. तो अजून लॅपटॉपच्या कडेला अडकून बसला होता.

"पेनड्राइव्हभाऊ, पेनड्राइव्हभाऊ, हल ना. दारवान हाक मारेना, लिनक्सदादा उठेना, पडदा उजळेना, मला भीती वाटते!"

"मी नाही हलणार, जा! मला पाय कुठेत? ऊर्मीने ओढलं तर हलेन."

जिन्याखाली हाक आली. "भंगाऽऽर!"

रेघुली काचेला नाक लावून उभी राहिली. लुकलुक लुकलुक.

"ऊर्मीताई, ऊर्मीताई, ओढ ना. पेनड्राइव्ह हलेना, दारवान हाक मारेना, लिनक्सदादा उठेना, पडदा उजळेना, मला भीती वाटते!"

"मी नाही ओढणार, जा! आजोबा ओरडतील. आजोबा हो म्हणाले तर ओढीन."

रेघुली वळली आजोबांकडे. लुकलुक लुकलुक.

"आजोबा, आजोबा, हो म्हणा ना. ऊर्मी ओढेना, पेनड्राइव्ह हलेना, दारवान हाक मारेना, लिनक्सदादा उठेना, पडदा उजळेना, मला भीती वाटते!"

आजोबांनी ऐकलंच नाही. ते पिशवी शोधत होते.

मग ऊर्मीच म्हणाली, "आजोबा, हा पेनड्राइव्ह काढू?"

"गप गं! बिघडेल."

"बिघडलाय म्हणूनच देताय ना?"

"उलट बोलायचं नाही!"

टिंगटाँग! दारात हाक आली. "भंगाऽऽर!"

आजोबा दार उघडायला गेले.

ऊर्मीने दाराकडे पाहिलं. मग पेनड्राइव्ह धरला आणि ओढलं. टप्पक्! बटण दाबून धरलं.

रेघुली विझली.

लुकलुक नाही. काहीच नाही.

एक... दोन... तीन... ऊर्मीने पुन्हा बटण दाबलं. टिक्!

ऊर्मीने ओढलं, पेनड्राइव्ह हलला. पेनड्राइव्ह हलला, दारवानाने हाक मारली. दारवानाने हाक मारली, लिनक्सदादा उठला. लिनक्सदादा उठला, पडदा उजळला. झगमग झगमग!

आजोबा आले. मागे भंगारवाले काका.

"अरेच्चा! काय केलंस गं?"

"तुम्ही घातलेलं काढलं."

"आजोबा, मग मी रिकामाच जाऊ का?" भंगारवाले काका हसले.

आजोबांनी कान पकडला. स्वतःचा.

पण रेघुली कुठे?

ऊर्मीने पांढरं पान उघडलं. श्वास धरून बघत बसली.

लुक.

लुकलुक!

ऊर्मीने लिहिलं रे. मग घु. मग ली.

रेघुली तीन पावलं पुढे गेली. लख्ख उजेडात. लुकलुक लुकलुक लुकलुक!