झरीफाच्या घरचा रस्ता

दूरच्या एका थंड शहरात एक वृद्ध मराठी शिक्षक नव्याने आलेल्या स्थलांतरितांना इंग्रजी शिकवीत असत. शलाका नावाची तरुणी त्यांच्या हाताखाली अध्यापन शिकत होती.

त्या वर्गात झरीफा नावाची एक प्रौढ स्त्री होती. भूकंपात तिचे डोंगरातले गाव नष्ट झाले, तेव्हा ती भावाच्या आधाराने इथे आली. दोन महिने झाले, तरी तिने वर्गात तोंड उघडले नव्हते.

"सर, प्रवेशासाठी कितीजण थांबलेत. हिची जागा दुसऱ्या कुणाला द्यायची का?" शलाकाने विचारले.

"आजचा दिवस जाऊ दे," सर म्हणाले.

त्या दिवशी पत्ता लिहायचा धडा होता. झरीफाने सध्याच्या पत्त्याच्या जागी आपल्या गावाचे नाव लिहिले. शलाका ते खोडणार, तोच सरांनी तिचा हात धरला. त्यांनी पुस्तक मिटले आणि झरीफाच्या हाती खडू दिला.

"आम्हाला तुमच्या घरी यायचंय. रस्ता सांगा."

शलाका चमकली. तिथे आता घर नाही, हे सर्वांना ठाऊक होते. झरीफा फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. मग तिने एक रेघ ओढली.

"नदी," ती इंग्रजीत म्हणाली. "पूल. लाकूड पूल. मग डावा."

"उजवीकडे ना?" मागच्या बाकावरच्या सुदानी गृहस्थांनी विचारले.

"नाही, नाही! उजवा दरी! तुम्ही पडणार!"

वर्ग हसला. झरीफाही हसली आणि बोलत सुटली. जर्दाळूची झाडे आली, भुंकणारा पण न चावणारा कुत्रा आला, निळे दार आले. तिथे तिचा शब्द अडला. तिने फळ्यावर बोटांनी टकटक केले.

मग सुदानी गृहस्थ हलकेच म्हणाले, "आत या."

झरीफाने ओढणीने डोळे पुसले आणि ते दोन शब्द वहीत लिहून घेतले.

वर्ग सुटल्यावर शलाका म्हणाली, "सर, मला वाटलं, तुम्ही तिची जखम उघडी करताय."

"ती उघडीच होती गं. आपण तिला बसचं तिकीट मागायला शिकवलं, दुकानात भाव विचारायला शिकवलं. ते लागतंच. पण तिला जे सांगायचं होतं, ते आपण चूक म्हणून खोडत होतो. आजवर ती एकटीच त्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. आज सगळा वर्ग बरोबर गेला."

मग ते म्हणाले, "मला इथं येऊन एकेचाळीस वर्षं झाली. रस्ता कुणी विचारला नाही."

शलाका हातातला कोट बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसली.

"सर, तुमच्या घरी कसं जायचं?"

वृद्ध शिक्षकांनी खिडकीबाहेर पाहिले. बाहेर बर्फ पडत होते.

"एसटीतून तिठ्यावर उतरायचं," ते म्हणाले. "तिथून पायवाट आहे."