पावलावरची टोपली

“एकानं तरी माझं ऐकलं का, बाबा? एकानं तरी?”

द्वारकाबाई टेकडी चढून आली ती दम न खाताच बोलायला लागली. लतीफबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून टोपलीची सुटलेली कड विणत होते. फकिरी घेण्याआधी वीस वर्षं त्यांनी चोरीच्या गुरांचा माग काढला होता. मातीतलं पाऊल बघून माणूस सांगायचे.

“बहिणीची पोर माझी, वैजू. नवऱ्यानं, त्या दिनकरनं, उलथन्याचे चटके दिले म्हणून पळाली. अख्खा गाव म्हणाला, कालव्यात उडी टाकली. तिचा सख्खा भाऊ म्हणाला, मावशी, आता दहावं घालू. मी म्हटलं, तुझं घाल मेल्या! पोर जिवंत आहे.”

“होती?”

“होती म्हणजे! मी शोधली. ह्या मोबाइलात.”

बोलताना तिची मान ताठ झाली.

फेसबुकवर पापड करणाऱ्या बायकांचा एक व्हिडिओ तिला दिसला होता. तोंड एकीचंही नाही, नुसते हात. त्यातली एक डाव्या हातानं लाटत होती आणि दर पापड उचलून उजेडाकडे धरून बघत होती. ही खोड द्वारकाबाईनंच वैजूला लावलेली. मग तिनं तो व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. गच्चीमागं पाण्याची टाकी, टाकीवर गावाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं, पलीकडं साखर कारखान्याची चिमणी. त्या दोन अक्षरांनी संपणारी गावं काढली. तिथल्या पोरांनी जत्रेत काढलेले फोटो चाळले. टाकी जुळवली, चिमणी जुळवली. अकराव्या दिवशी गल्ली सापडली.

“पोलिसांना आठ महिन्यांत जमलं नाही ते चौथी शिकलेल्या बाईनं केलं, बाबा!”

“मग गेलीस?”

“गेले ना. परवा गेले…”

तिनं पदरानं तोंड पुसलं.

“खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, कालच नवरा आला. जीप घेऊन. केसाला धरून… बाबा, आठ महिने लपून राहिलेली पोर! पोलिसांत लिहून दिलंय. जीप सापडेना. मालकिणीनं दिलेला तिचा नंबर बंद.”

बाबांनी टोपलीची कड ओढून घट्ट केली.

“त्याला कोणी सांगितलं? मला तेवढं नाव पाहिजे. मालकिणीनं? का त्या पापडवाल्यांनी? कळू दे फक्त, जित्ती सोडायची नाही मी!”

“गल्ली सापडली तेव्हा तू लगेच निघालीस का, माय?”

“लगेच कशी? आधी गावाचं तोंड बंद करायला नको? सगळं टाकलं की फेसबुकवर. टाकी, चिमणी, टाकीमागची तिसरी गल्ली, हिरवं दार. वर लिहिलं, बघा रे, कोण खोटं बोलत होतं! तीनशे जणांनी पुढं पाठवलं. चार दिवस लोक माफी मागत होते, ते वाचत बसले. हे बघा.”

तिनं मोबाइल पुढं धरला.

बाबांनी तो घेतला. जमिनीवर ठेवला. आणि वर टोपली पालथी घातली.

“हे काय करताय?”

“पाऊल सापडलं की आम्ही पहिलं हेच करायचो.”

“वाऱ्यानं पुसू नये म्हणून?” तिनं विचारलं.

“वारा होताच,” बाबा म्हणाले. “मागून बघत येणारी माणसंही होती.”

द्वारकाबाई पायरीवर बसली.

“पण मी… ती जिवंत आहे, एवढंच सांगत होते मी…”

बाबांनी टोपली उचलली.

“दिनकरला कोणी सांगितलं, असं विचारत होतीस.”

“नको, बाबा.”

“लिहिणाऱ्याचं नाव वर येतं ना ह्यात?”

“नको म्हणते ना!”

बाबांना वाचायला वेळ लागायचा. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि अक्षर न् अक्षर लावलं.

“द्वारका… रंगनाथ… भोईटे.”