दोन हात मांजरपाट

"हसा!" राजा चंडप्रताप ओरडला. "मोठ्याने हसा!"

पहाटेचा गारवा होता. राजवाड्याच्या अंगणात सगळे चाकर एका पायावर उभे होते, आणि हसू कोणालाच येत नव्हतं.

त्याचं झालं होतं असं. मध्यंतरी राजाला फार उदास वाटू लागलं. वैद्यबुवा म्हणाले, "पहाटे उठा, थंड पाण्याने अंघोळ करा, तळ्याला फेरी मारा आणि एका पायावर उभं राहून खदाखदा हसा!" राजाने तसं केलं आणि तो टवटवीत झाला. राजा मनाचा चांगला, पण भारी हट्टी. त्याला वाटलं, मला गुण आला, तसा माझ्या माणसांनाही येऊ दे. झालं! त्याने सगळ्या चाकरांना तोच हुकूम सोडला.

मग काय विचारता! रात्रभर जागलेल्या पहारेकऱ्याचा डोळा लागतो न लागतो, तोच त्याला पहाट झाली म्हणून उठवायचे. दिवसभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या परटिणीला आणखी थंड पाण्यात बुडवायचे. भालदाराचा घसा ललकाऱ्या देऊन बसलेला, त्याला म्हणायचे, "आणखी मोठ्याने हस!" आणि पालखी वाहून पाय मोडून आलेल्या भोयांना सांगायचे, "चला, जरा पायांना व्यायाम होऊ दे!"

त्या दिवशी म्हातारा सटवा भोई एका पायावर उभा असताना झोपी गेला. तो कलंडला वैद्यबुवांवर, वैद्यबुवा प्रधानजींवर, आणि दोघे धबकन घोड्यांच्या हौदात! प्रधानजींची पगडी होडीसारखी तरंगू लागली.

आता मात्र सगळं अंगण पोट धरधरून हसलं.

राजा लाल झाला. "माझ्या हुकमाने हसत नाही, आणि आता हसता? सटव्या, तुझी चाकरी संपली! बाडबिस्तरा उचल आणि राज्याबाहेर हो!"

सटव्याची लेक गोजरा बापाची भाकरी घेऊन आली होती. ती पुढे झाली. "महाराज, बाबा दमलेत. म्हणून डोळा लागला."

"दमणारच कसा? सगळ्यांना मी एकच उपाय दिलाय!"

"तिथंच तर घोटाळा झालाय, महाराज."

"गोजरे, गप गं," सटवा हळूच म्हणाला. "माझा खांदा तसाही कामातून गेलाय. जाऊ आपण कुठेतरी."

गोजराने बापाच्या सुजलेल्या खांद्याकडे पाहिलं. ती काही मागे हटली नाही.

राजा म्हणाला, "एवढी शहाणी आहेस ना? मग ऊन माथ्यावर यायच्या आत अशी वस्तू आण, की माझ्या प्रत्येक चाकराला बरं वाटेल. पण सगळ्यांना एकच वस्तू! याला लाडू नि त्याला लुगडं, असलं चालायचं नाही. जमलं तर तुझा बाप राहील. नाहीतर तूही चालती हो!"

"आणते, महाराज!"

गोजरा वाडाभर हिंडली. स्वयंपाकघरात गेली, घाटावर गेली, देवडीवर गेली. जो भेटेल त्याला विचारायची, "तुम्हाला कशाचा त्रास होतो हो?" लोक आधी बावचळायचे. असं त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. मग एकदा बोलायला लागले की थांबेचनात!

शेवटी तिने कोठीतून मांजरपाटाचा एक तागा मागून आणला. ऊन माथ्यावर येण्याआधीच राजासमोर बसली आणि टरटरा फाडू लागली. प्रत्येकाला दोन हात कापड. कमी नाही, जास्त नाही.

"फडकं?" वैद्यबुवा शिंकत म्हणाले. "यात औषध ते कुठलं?"

"जरा बघा तर, बुवा!"

पहारेकऱ्याने फडकं डोळ्यांवर बांधलं, कडुलिंबाखाली आडवा झाला आणि घोरू लागला. परटिणीने भेगाळलेले पाय कोरडे पुसून त्यात गुंडाळले आणि "अगं बाई गं!" म्हणून डोळे मिटले. आचाऱ्याने फडक्यात धरून तापलेला हंडा उतरवला. हात भाजला नाही म्हणून तो एकटाच नाचला. भालदाराने ते गळ्याभोवती लपेटलं. कलकलाटाला कंटाळलेल्या कारकुनाने कानांवर करकचून बांधलं. आणि सटव्याने त्याची जाड घडी करून खांद्यावर ठेवली.

"अगं, ही तर सगळी वेगवेगळी कामं झाली!" राजा उसळला. "मी एकच म्हटलं होतं!"

"वस्तू एकच म्हणालात, महाराज! ती ज्याने त्याने कशी वापरायची, हे कुठे म्हणालात?"

हे ऐकून राजा असा हसत सुटला, की सिंहासन गदगदा हलू लागलं!

"महाराज, एका पायावर..." वैद्यबुवा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो! सटवा राहील. उद्यापासून पहाटेचा हुकूम बंद. आणि पोरी, तुला मी चंद्रहार देतो!"

"पुन्हा तेच, महाराज! आधी विचारा तरी, काय हवं ते!"

राजाने जीभ चावली. "बरं बाई, चुकलो. काय हवं तुला?"

"बाबांनी जन्मभर तुमची पालखी वाहिली. एकदा त्यांना पालखीत बसवा."

"नको, नको!" म्हणत सटवा मागे सरला, पण राजाने स्वतः त्याला धरून पालखीत बसवलं. भोयांनी दांडी उचलली, तर एक जण कमी! कमी होता तो सटवाच.

"मी आहे की!" म्हणून राजाने मुकुट प्रधानजींच्या हाती दिला आणि खांदा लावला.

चार पावलं गेला आणि किंचाळला, "आई गं! मेलो!"

सटव्याने घाबरून पालखीतून डोकं बाहेर काढलं. खांद्यावरची घडी काढून राजापुढे धरली आणि म्हणाला, "हे घ्या महाराज, दांडीखाली खांद्यावर ठेवा! आणि दांडी जरा मानेपासून लांब धरा!"

ती घडी खांद्यावर ठेवून राजा हसत हसत चालू लागला. गावाला पूर्ण फेरी झाल्याखेरीज त्याने पालखी खाली ठेवली नाही.