कोंडिबाच्या घराचं हुबेहूब

घाटमाथ्यावरच्या गारमाळ नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता. भोळे तसे प्रत्येक गावात चार-दोन असतात, पण ते अधूनमधून सुट्टी घेतात. कोंडिबा बारा महिने तेरा काळ भोळा होता. त्याला सांगितलेलं कळत नसे, असं मात्र कुणी म्हणू नये. उलट सांगितलेलं तो शब्दन्‌शब्द ध्यानात ठेवी. घोटाळा एवढाच, की आजचं शहाणपण तो उद्याच्या कामाला लावी.

गारमाळची थंडी फार वाईट. दरीतून वारा वर येतो आणि पहिलं घर लागतं ते कोंडिबाचं. वर पत्रा, भिंतींना फटी. वारा एका फटीतून आत यायचा, सगळ्यांची विचारपूस करून दुसरीतून बाहेर जायचा. कोंडिबाची बायको हौसा पोटुशी होती आणि बाळंतपण ऐन पौषात येणार होतं. तिला रात्रंदिवस एकच घोर.

"माझं काय न्हाई," ती म्हणायची. "पर ह्या गारठ्यात पोर कसं जगवू?"

देवाला दया आली म्हणा, सरकारला आली म्हणा, त्याच साली 'ऊबदार घर योजना' निघाली. पत्र्याखाली थर्माकोलच्या जाड लाद्या, फटींना लिंपण, आणि एक नळीची चूल. ती चूल लाकडं थोडी खाते, ऊब जास्त देते आणि धूर नळीवाटे घराबाहेर सोडते. सगळं अनुदानातून. अट एकच होती. काम झाल्यावर तालुक्याचे साहेब बघायला येणार. त्यांना पटलं तर सामान तुमचं. नाही पटलं तर उचलून यादीतल्या पुढच्या घरी.

गावचे ग्रामसेवक ढमाळ भाऊसाहेब. त्यांनी कोंडिबाला बोलावलं.

"उद्या घराचे कागद घेऊन ये," ते म्हणाले.

कोंडिबा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आला. हातात धरून आला. बाहेर धुकं एवढं दाट होतं, की वाटेत त्याला स्वतःचे पाय दिसले नाहीत. पंचायतीत पोचेपर्यंत कागदांचा लगदा झाला होता.

"अरे शहाण्या," भाऊसाहेब कपाळ धरून म्हणाले, "असं आणतात का? प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं. तोंड घट्ट बांधायचं. आत वारासुद्धा शिरू द्यायचा नाही!"

"हात्तिच्या, एवढंच ना?" कोंडिबा म्हणाला. "म्होरल्या येळंला तसंच करतो."

भाऊसाहेबांनी नवीन नकला काढून अर्ज पुढे धाडला. चार दिवसांनी हौसा म्हणाली, "आत्याच्या वाडीला जावा. तिनं माझ्यासाठी एक कोंबडी ठेवलीय, ती घेऊन या."

कोंडिबा गेला. आत्यानं कोंबडी दिली. त्यानं ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड घट्ट बांधलं आणि वारा शिरत नाही ना, हे दोनदा तपासलं. वाटेत पिशवीनं थोडी धडपड केली, पण कोंडिबा काही बधला नाही. घरी पिशवी सोडली तर कोंबडीनं मान टाकलेली. हौसानं पाणी मारलं, पदरानं वारा घातला, तेव्हा कुठे बिचारी शुद्धीवर आली. पण पुढे जन्मभर कोंडिबा दिसला की तिला घेरी येई.

"अवो, जित्तं जनावर ते!" हौसा ओरडली. "पायाला सैल दोरी बांधावी. म्होरं दाणं टाकत टाकत चालवत आणावं."

"हात्तिच्या, एवढंच ना? म्होरल्या येळंला तसंच करतो."

पुढची वेळ यायला उशीर लागला नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी कोंडिबाच्या सासूबाई, चंद्राबाई, एसटीनं आल्या. फाट्यावर उतरल्या, गाठोडं खाली ठेवलं आणि टपरीवर चहा घ्यायला बसल्या. जावई आला, पाया पडला. पाया पडून उठायला त्याला जरा वेळच लागला. जावयाची माया बघून चंद्राबाईंना भरून आलं. चहा संपवून त्या उठल्या, तर पायाला दोरी. दोरीचं दुसरं टोक जावयाच्या हातात. आणि जावई पुढे उभा राहून रस्त्यावर शेंगदाणे टाकतोय.

"चला, चला," तो लाडानं म्हणत होता. "थोडं थोडं खात चला."

टपरीवरच्या माणसांचा चहा नाकात गेला. चंद्राबाई घरापर्यंत बोलत आल्या. त्यातलं लिहिण्यासारखं काही नव्हतं.

"आरं, म्हातारं माणूस मी," उंबऱ्यावर बसून त्या म्हणाल्या. "थंडीवाऱ्याची लांबून आले. आलेल्याला चुलीम्होरं बसवावं, अंगावर घोंगडं टाकावं, चांगला शेक द्यावा. तुझ्या आयशीनं शिकवलं न्हाई का?"

"हात्तिच्या, एवढंच ना? म्होरल्या येळंला तसंच करतो."

मार्गशीर्षात मंजुरी आली आणि टेम्पोतून थर्माकोलच्या बारा लाद्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, दाराएवढ्या. टेम्पोवाला त्या अंगणात उतरवून निघून गेला. हौसा आणि चंद्राबाई पाण्याला गेल्या होत्या. कोंडिबानं लाद्यांना हात लावून पाहिला. गार होत्या. उघड्या टेम्पोतून घाट चढून आल्या होत्या बिचाऱ्या.

त्यानं चार लाद्या उचलून चुलीपुढे बसवल्या. घोंगडं टाकलं. लाकडं सारून जाळ मोठा केला. लाद्यांनी अंग चोरलं, मग वाकल्या, मग बसल्याजागी लहान लहान होत गेल्या. कोंडिबाला वाटलं, आता यांना बरं वाटायला लागलं. हौसा घागर घेऊन दारात आली, तेव्हा घरभर घाण वास होता, घोंगडं अर्धं जळालं होतं आणि चार लाद्यांच्या जागी चार काळे गोळे होते.

भाऊसाहेब धावत आले. आधी त्यांनी उरलेल्या लाद्या मोजल्या. आठ होत्या. एका खोलीपुरत्या होत होत्या.

"कोंडिबा, नीट ऐक. लाद्या पत्र्याखाली ठोकायच्या. मग घरात अंधार करून उभं राहायचं. जिथून उजेड दिसेल तिथून थंडी येते. जिथं उजेड दिसेल, ते भोक बुजवायचं. एकही सोडायचं नाही. समजलं?"

"समजलं. एवढंच ना?"

या खेपेला कोंडिबानं अंग मोडून काम केलं. लाद्या ठोकल्या. माती, शेण आणि भुसा कालवून लिंपण केलं. भिंतीतल्या फटी बुजवल्या. उंदराची बिळं बुजवली. दाराला कडीसाठी पाडलेलं भोक बुजवलं, तेव्हापासून कडी लागेना. खुंटीवर चाळणी होती. ती त्यानं उजेडाकडे धरली आणि त्याला धक्काच बसला. भोकंच भोकं! एवढी वर्षं घरात थंडी येत होती ती हिच्यातून. त्यानं चाळणी दोन्ही बाजूंनी जाड लिंपली आणि उन्हात वाळत ठेवली.

त्याच दिवशी सकाळी तालुक्याचा कारागीर नळीची चूल बसवून गेला होता. नळी सरळ वर पत्र्यातून बाहेर काढलेली. कोंडिबानं चुलीत डोकं घालून वर पाहिलं. वर रुपयाएवढं आभाळ दिसलं.

"हितं लपलंय व्हय," तो म्हणाला, आणि सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा बोळा करून त्यानं नळीत गच्च ठासला.

सांजचं चंद्राबाईंनी नव्या चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि पहिला जाळ घातला. घर आता चांगलंच बंद झालं होतं. गार वारा आत यायला वाट नव्हती आणि धुराला बाहेर जायला नव्हती. थोड्याच वेळात हौसा, चंद्राबाई आणि कोंबडी तिघी खोकत अंगणात आल्या. कोंडिबा आतच राहिला. कुठे उजेड दिसतो का ते बघत होता, आणि कुठेच दिसत नव्हता म्हणून खूश होता. शेजाऱ्यांनी त्याला पाय धरून बाहेर ओढला.

आता भाऊसाहेब चिडले नाहीत. चिडण्यापलीकडे गेले होते. त्यांनी गावातले चार बाप्ये बोलावले, नळी मोकळी केली, भिंतीला एक झरोका ठेवला, दाराची कडी परत बसवली आणि एका दिवसात घर असं झकास करून दिलं की बघणाऱ्यानं बघत राहावं. मग त्यांनी कोंडिबाचे दोन्ही खांदे धरले.

"हे बघ. इथून पुढं तुझं डोकं अजिबात वापरायचं नाही. साहेब येतील. साहेब जे मागतील ते द्यायचं. जसं मागतील तसं, हुबेहूब. नाही म्हणायचं नाही. तुझ्या पोराच्या नशिबाचा प्रश्न आहे."

"हुबेहूब," कोंडिबा म्हणाला. "एवढंच ना?"

पौषात हौसाला मुलगा झाला. बाहेर घोंगडीतली माणसं कुडकुडत होती, आणि आत पोर लंगोटावर पाय झाडत पडलं होतं. चुलीत दोन काटक्या घातल्या की खोली दुपारपर्यंत उबदार राही. हौसाचा घोर गेला. कामाला बसली की तिच्या तोंडी गाणं येऊ लागलं. कोंडिबाची कशाला अडचण नको म्हणून तो बिचारा बहुतेक वेळ अंगणात बसे.

पोराला सव्वा महिना झाला आणि त्याच दिवशी तालुक्याचे साहेब आले. अंगात कोट, कोटाखाली स्वेटर, डोक्याला कानटोपी. आत येऊन बसले. पाच मिनिटांनी कानटोपी काढली. दहा मिनिटांनी कोट काढला. चहा होईपर्यंत स्वेटरही खुर्चीवर गेला.

"वा! असं काम तालुक्यात दुसरं नाही," साहेब म्हणाले. हौसानं देवाला हात जोडले. आता काही भीती नाही म्हणून ती आईला आणि पोराला घेऊन, रीतीप्रमाणे पोराला पहिल्यांदा देवीच्या पाया घालायला टेकडीवरच्या देवळात गेली.

साहेब फाईल चाळत राहिले. चाळता चाळता थांबले.

"कामाआधीचा फोटो कुठाय?"

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. एवढ्या धांदलीत तो काढायचाच राहिला होता.

"कामाआधीचं घर दिसल्याशिवाय मला सही करता येत नाही," साहेब म्हणाले. "पाचच्या आत फोटो मोबाइलवर पाठवा. नाहीतर उद्या सामान पुढच्या घरी." आणि ते कोंडिबाकडे वळले. "देणार ना?"

"देतो साहेब," कोंडिबा म्हणाला. "हुबेहूब."

साहेबांची जीप गेली. भाऊसाहेबांनी कोंडिबाला डोळा मारला. "मी मोबाइल घेऊन जाऊन येतो. फोटोची सोय करतो. तू इथंच थांब."

भाऊसाहेबांची सोय म्हणजे काय, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पलीकडच्या वाडीत एक पडकं घर होतं. आजवर सात योजनांत 'कामाआधीचं घर' म्हणून त्याचाच फोटो लागला होता. ते घर नसतं तर तालुक्याचा विकासच झाला नसता. पण कोंडिबाला डोळा मारलेला कळत नसे. त्याला वाटलं, भाऊसाहेबांच्या डोळ्यात कुसळ गेलं.

तो अंगणात बसून विचार करू लागला. डोकं वापरायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून अगदी थोडाच केला. साहेबांनी कामाआधीच्या घराचा फोटो मागितलाय. भाऊसाहेब मोबाइल घेऊन येतील. मोबाइल आला आणि घरच तयार नसलं तर?

तो ताडकन उठला आणि पहार घेतली.

साडेचार वाजता भाऊसाहेब पडक्या घराचा फोटो घेऊन परत येत होते. मनातून खूश होते. दरीवर त्यांना पांढरं पांढरं काही उडताना दिसलं. बगळे असतील, असं म्हणून त्यांनी मोजले. आठ होते. आठवा मोजला, आणि ते पळत सुटले.

कोंडिबा दारात उभा होता. नखशिखान्त मातीनं माखलेला, दमलेला, पण चेहऱ्यावर असं समाधान की काशीला जाऊन आल्यागत.

"या भाऊसाहेब! टायमात झालं बघा!"

त्यानं हाताला धरून सगळं दाखवलं. पत्रा उघडा केला होता. लाद्या आधी अंगणातसुद्धा नव्हत्या, म्हणून कड्यावर नेऊन वाऱ्यावर सोडल्या होत्या. नळीची चूल फोडून तिथं तीन दगड मांडले होते. भिंतींचं लिंपण खरवडून एक एक फट मोकळी केली होती. एक फट नेमकी कुठं होती ते आठवेना, म्हणून तिच्याऐवजी दोन पाडल्या होत्या.

भाऊसाहेब मटकन खाली बसले. खिशात त्यांचा तयार फोटो होता. तो आता खरा ठरला होता.

तेवढ्यात देवीचा अंगारा लावून हौसा परत आली. मागून चंद्राबाई. दारातच दोघी थांबल्या. दरीतून वारा वर आला, आपली जुनी वाट धरून घरात शिरला आणि सगळ्यांची विचारपूस करू लागला. पोरानं भोकाड पसरलं. हौसानं त्याला पदराखाली घट्ट धरलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. चंद्राबाईंनी इकडे तिकडे पाहून पहार कुठे पडली आहे ते शोधायला सुरुवात केली.

कोंडिबा भाऊसाहेबांजवळ उकिडवा बसला. इकडे तिकडे बघून त्यांच्या कानाला लागला.

"भाऊसाहेब, घर तर व्हतं तसं झालं. अर्ज केला तवा सासूबाई नव्हत्या, त्यास्नी मी शेजारी बसवून येतो. पर पोरगं..." त्याचा आवाज आणखी खाली आला. "पोरगं तवा हौसाच्या पोटात व्हतं. फोटो होईस्तोवर त्याची काय सोय करायची, ते तुमीच तिला इचारा. माझ्यानं काय तिला बोलवंना."