साच्यातलं तापमान

"सर, यात चूक सापडेल तुम्हाला?"

मुकादम सर हसले. नोकरी सोडून गावी आल्यापासून ते पडवीत बसून प्रोग्रॅमिंग शिकवत. शाल्मली त्यांची सगळ्यात तल्लख विद्यार्थिनी. हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिलाही.

तिनं नवजात बाळांच्या उबेच्या पेटीसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. नर्सनं पेटीचं तापमान टाकायचं. अठ्ठावीस ते छत्तीसमधलं असेल तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. तपासणीसाठी शाल्मलीनं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे टाकलेलं जुळतं का ते बघणारा अक्षरांचा साचा, रचला होता. एका ओळीत सगळं!

सरांनी ३७ टाकलं. लाल.

३६० टाकलं. लाल.

"साच्याची दोन्ही टोकं बांधलीत मी, पुढेमागे एकही जादा आकडा चालत नाही," शाल्मली म्हणाली.

"झकास. पण रुग्णालयातल्या डॉक्टरांचा निरोप आलाय. साडेसत्तावीस ते छत्तीस पूर्णांक चार दशांश हवंय."

"एवढंच ना? आत्ता करते."

ती बसली. सत्तावीसच्या पुढे पाच ते नऊ, छत्तीसच्या पुढे शून्य ते चार, मधल्यांच्या पुढे काहीही... साचा लांबत गेला. कंस वाढले. सरांनी ठेवलेला चहा गार झाला.

"झालं!"

सरांनी ३६.८ टाकलं.

हिरवा.

शाल्मलीचे कान तापले. हाच प्रोग्रॅम सोमवारी रुग्णालयातल्या पेटीत जायचा होता.

"एक कंस इकडचा तिकडे झालाय सर. लगेच..."

"थांब."

सरांनी कोनाड्यातली पाटी काढली. तिच्यावर मोठ्या अक्षरात ३६ लिहिलं आणि पाटी तिच्यापुढे धरली.

"हात लाव. ऊब लागते का?"

"काहीतरीच काय सर! पाटी गारच असणार."

"का? छत्तीस लिहिलंय की."

"नुसती अक्षरं आहेत ती."

"बरं... आणि तुझा साचा काय बघतो?"

शाल्मलीनं पाटीवरून नजर आपल्या लांबलचक ओळीकडे नेली. "अक्षरंच!"

मग ती खुदकन हसली. स्वतःलाच.

सकाळपासून रचलेली ओळ तिनं पुसून टाकली. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आता साचा एवढंच बघणार होता, की टाकलंय ते संख्येसारखं दिसतंय का. तसं असेल तर त्याची खरीखुरी संख्या करायची, आणि साधं विचारायचं : खालच्या मर्यादेहून कमी आहेस? वरच्याहून जास्त आहेस?

"डॉक्टरांनी उद्या मर्यादा बदलली तर?" सरांनी विचारलं.

"एक आकडा बदलीन."

गार चहा ती मिटक्या मारत प्यायली. सरांनी ३६.८ टाकलं. लाल. 'छत्तीस' असं अक्षरात टाकलं. लाल. मग ३२ टाकलं.

हिरवा.

"बघा सर, बरोबर!"

"मर्यादेत आहे, एवढंच म्हण," सर म्हणाले. "बरोबर आहे की नाही, ते पेटीतल्या बाळाला विचार."