फाटक्या खुर्चीचा दाखला

आंधळा केरबा वेताच्या खुर्च्या विणायचा. बायको गेल्यापासून घरात त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. अपंगांच्या पेन्शनसाठी अर्ज करून त्याला चौदा महिने झाले होते. दर खेपेला कचेरीतले साहेब खुर्चीत रेलून म्हणायचे, "एक कागद कमी आहे. पुढच्या महिन्यात ये."

एके दिवशी साहेबांच्याच खुर्चीचा वेत मधोमध फाटला. केरबाला बोलावणं गेलं.

"किती वेळ लागेल रे?"

केरबानं भोकावरून हात फिरवला. "आधी खुर्ची फाटल्याचा दाखला आणा, साहेब. मग किती टक्के फाटली, ते डॉक्टरांकडून लिहून आणा."

"दाखला कशाला? भोक ढळढळीत दिसतंय की!"

"माझे डोळे गेलेलेही दिसतात की, साहेब. तरी चौदा महिने झाले."

साहेबांनी उभ्याउभ्याच पेन्शनच्या अर्जावर सही केली. "आता तरी लवकर विण," ते म्हणाले.

काम एका दिवसाचं. केरबानं आठ दिवस लावले. कचेरीत येणारा-जाणारा "काय केरबा?" म्हणायचा, आणि घरी हाक मारणारं कोणीच नव्हतं.