ओला रंग

एकदा एक वृद्ध मूर्तिकार आपल्या शिष्याचे प्रदर्शन पाहायला कोकणातून शहरात आले. गावात त्यांना सारे आप्पा म्हणत. त्यांच्या चित्रशाळेत गणपती घडत. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे सर्वांत शेवटचे आणि अवघड काम. ते आप्पा दुसऱ्या कोणाला करू देत नसत. या एका शिष्याला मात्र त्यांनी ती विद्या दिली होती, मागे बसून, त्याचे मनगट आपल्या हातात धरून.

प्रदर्शन भरले होते एका बंद पडलेल्या सूतगिरणीत. यंत्रे केव्हाच भंगारात गेली होती. उरले होते लोखंडी खांब, उंच छप्पर आणि जमिनीत रुतलेले गंजके बोल्ट. बाकी भिंती पांढऱ्याशुभ्र. त्या दालनात शिष्याने मातीचे नुसते डोळे मांडले होते, हंड्याएवढे मोठे. लोक भारावून पाहत होते.

शिष्याचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. दारालगतच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्याचा परिचय होता : 'या कलावंताला कोणी गुरू नाही. डोळे रेखाटण्याची कला तो एकट्याने, नदीच्या पाण्यात स्वतःचे डोळे पाहून शिकला.' शहरातल्या रसिकांना असे स्वयंभू लोक फार आवडतात हो! दालनाच्या संचालिकेने सुचवले आणि यानेही मान डोलावली. आप्पांना त्याने बोलावले होते खरे, पण या वयात ते एवढा प्रवास करतील असे त्याला वाटलेच नव्हते.

आणि आप्पा आले! धोतराचा सोगा सावरीत नेमके त्याच भिंतीपाशी उभे. शिष्याने ते लांबूनच पाहिले. तो धावतच गेला.

"आप्पा, इथे काय उभे राहिलात? चला, आत काम दाखवतो."

"थांब रे लेका, घाई कसली? हे भिंतीवर काय लिहिलंय? वाचून दाखव पाहू."

संचालिका एका पाहुणीला घेऊन शेजारीच उभी होती. शिष्य भिंतीकडे वळला. "हा कलावंत..." तो अडखळला. "हा कलावंत आप्पा नागवेकरांच्या चित्रशाळेत शिकला. डोळ्यांची आखणी... त्यांनीच त्याला हात धरून शिकवली."

पाहुणीने भिंतीकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि नजर वळवली. धरणी पोटात घेईल तर बरे, असे त्याला झाले. आप्पा नुसते "बरं लिहिलंय" म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

शिष्य मागोमाग गेला. त्याला राहवेना. "आप्पा, मी खोटं वाचलं," तो खाली मान घालून म्हणाला. "तिथं तुमचं नावच नाही. मला कोणी गुरू नाही, असं लिहिलंय. लाज वाटते हो मला."

"ठाऊक आहे. तू यायच्या आधीच वाचलं मी. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग मला का वाचायला लावलंत?"

आप्पांनी त्याला शेजारी बसवून घेतले. मग म्हणाले, "वाईट वाटलं मला, नाही कशाला म्हणू? पण बाळ, आखणी करताना डोळा चुकला, तर आपण रंग ओला असतानाच पुसतो. वाळला की खरवडावा लागतो, आणि मूर्तीवर चरा उठतो तो उठतोच. तुझं खोटं वाळलंय की अजून ओलं आहे, एवढंच मला पाहायचं होतं. तू भिंतीवरचं घडाघडा वाचलं असतंस, तर मी मुकाट्यानं गावची गाडी धरली असती. पण तुझी जीभ अडखळली. ज्याची जीभ असत्यापाशी अडखळते, त्याचं अजून काही बिघडलेलं नाही. आता ऊठ. तुझ्या या भानगडीत काम बघायचं राहूनच गेलं माझं."

दोघे आत आले. ती पाहुणी अजून तिथेच होती. तिने आप्पांकडे पाहून विचारले, "हे कोण?"

"माझे गुरू," शिष्य पुटपुटला. त्याचे कान तापले होते आणि मान काही वर होईना.

"मोठ्यानं सांग रे," आप्पा म्हणाले, "त्यांना ऐकू गेलं नाही."

शिष्याने मान वर केली आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल असे सांगितले.